झाडाला विचारून लावलेला दिवा

रात्री झाडाला हात लावू नये, ते झोपलेले असते, हे मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणी ऐकलेले असते. दिवेलागण झाली की तुळशीची पाने कोणी खुडत नाही. उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांच्या काठी राहणाऱ्या अनिशिनाबे लोकांची रीत याच जातीची, पण अधिक काटेकोर आहे. औषधाची वनस्पती घेण्याआधी जमिनीवर चिमूटभर तंबाखू, म्हणजे सेमा, ठेवायची. आपण कोण, कशासाठी आलो, ते सांगायचे. थोडे थांबायचे. मग लागेल तेवढेच घ्यायचे आणि बाकीचे जागेवर राहू द्यायचे.

आता त्याच प्रदेशातल्या शहरांत थंडीच्या दिवसांत भरणारे प्रकाशोत्सव डोळ्यांसमोर आणा. बागेत माणसाच्या उंचीची अर्धपारदर्शक फुले, वेणीच्या पिळाचे खांब, जमिनीवर पानांची नक्षी. हात हलवला, टाळी वाजवली, उडी मारली की रंग उसळतात. शेजारच्या फलकावर लिहिलेले असते की ही रचना अनिशिनाबे संस्कृतीचा आणि वनस्पतींचा गौरव करते. आकार फुलाचा असतो हे खरे, पण टाळी वाजवल्याबरोबर हजर होणारे फूल ही कल्पना अनिशिनाबे रीतीच्या नेमकी उलट आहे.

माझे म्हणणे असे की प्रतिसाद देणाऱ्या प्रकाशरचनेत आकार दुय्यम असतो. दिवा लागण्याआधी पाहणाऱ्याला काय करावे लागते आणि तो काय केल्यावर विझतो, तिथे संस्कृती असते किंवा नसते. सार्वजनिक पैशातून अशा कामाला मंजुरी देताना समितीने चित्र पाहण्याआधी हा प्रतिसाद तपासला पाहिजे.

अनिशिनाबे हे एका गावाचे किंवा एका टोळीचे नाव नाही. ओजिब्वे, ओडावा, पोटावाटोमी, अल्गॉनक्विन, निपिसिंग, मिसिसागा असे अनेक समूह स्वतःला अनिशिनाबे म्हणवतात. आज हजारो मराठी कुटुंबे ज्या परिसरात राहतात त्या टोरांटोजवळच्या मिसिसागा शहराचे नाव यांच्यावरूनच पडले. टोरांटोची जमीन १८०५ च्या करारात १० शिलिंगांना घेतली गेली आणि तो हिशेब २०१० मध्ये १४.५ कोटी कॅनेडियन डॉलर देऊन मिटवावा लागला. ओटावा ही राजधानी तर अल्गॉनक्विन अनिशिनाबे लोकांनी कधीच न दिलेल्या जमिनीवर उभी आहे. अशा जमिनीवर दिव्यांची फुले उभारताना ‘हेतू चांगला होता’ एवढे उत्तर पुरत नाही.

सुरुवात भाषेपासून करावी लागते, कारण वनस्पतींकडे पाहण्याची पद्धत व्याकरणातच बसलेली आहे. मराठीत आपण ‘मुलीला पाहिले’ म्हणतो, पण ‘झाड पाहिले’ म्हणतो. सजीव-निर्जीवाचा हा फरक आपल्याकडे एका ‘ला’मध्ये दिसतो. अनिशिनाबेमोविन भाषेत तो क्रियापदच बदलतो. ‘मितिग’ म्हणजे झाड आणि ‘मितिग’ म्हणजेच काठी. ‘निवाबमा मितिग’ म्हटले की मी झाड पाहतो, ‘निवाबन्दान मितिग’ म्हटले की काठी पाहतो. मात्र या भाषेत सगळ्याच वनस्पती सजीव लिंगी आहेत, हे फलकांवर आवडीने लिहिले जाणारे वाक्य चूक आहे. रासबेरी, मिस्कोमिन, सजीव आहे. स्ट्रॉबेरी, ओदे’इमिन, जिच्या नावातच हृदय आहे, ती व्याकरणात निर्जीव आहे. हे बारकावे भाषा बोलणाऱ्यालाच माहीत असतात. म्हणून तिला किंवा त्याला रचनेचा आराखडा ठरण्याआधी बोलवायचे असते, उद्घाटनाला दोन शब्द बोलण्यापुरते नव्हे.

नावे लिहितानाही बोली पाहावी लागते. पश्चिमेकडचे ‘मनोमिन’, म्हणजे सरोवरातला जंगली तांदूळ, ओडावा बोलीत ‘म्नोमिन’ होते, ‘मश्किकी’, म्हणजे औषध, ‘म्श्किकी’ होते, कारण त्या बोलीत आखूड स्वर गळतात. टोरांटोजवळच्या बागेत मिनेसोटा या अमेरिकी राज्यातल्या शब्दकोशातले रूप उचलून लावले तर स्थानिक आजीला ते परक्या गावचे वाटते. ‘ओदे’इमिन’ उच्चारताना मध्येच घशात होणारा क्षणिक अटकाव दाखवणारे चिन्ह रोमन लिपीत स्वल्पविरामासारखे असते. ठळक ठिपक्यांच्या दिवे-फलकावर ते हमखास गळते आणि शब्दच बदलतो. फलक बनवणाऱ्याला हे आधी सांगितले तर काम पाच मिनिटांचे असते. पत्रा कापून झाल्यावर सांगितले तर नवा पत्रा लागतो.

माझा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो तो मनोमिनमध्ये. बाजारात ‘वाइल्ड राइस’ म्हणून मिळणारा काळा दाणा बहुतेक वेळा शेतात लावलेला असतो. मनोमिन सरोवरात आपसूक उगवते. पाण्यावर अन्न उगवते तिथपर्यंत चालत जा, असे अनिशिनाबे लोकांच्या स्थलांतराच्या कथेत सांगितले आहे. ती जागा म्हणजे ही सरोवरे. हे रोप साधारण १५ ते ९० सेंटिमीटर पाण्यात वाढते. जूनच्या सुमारास त्याची पाने पाण्यावर आडवी तरंगत असतात आणि तेव्हा पाणी एकाएकी चढले तर रोप मुळासकट उपटले जाते. पाण्यातले सल्फेट तळाच्या गाळात सल्फाइड बनते आणि मुळांना मारते. म्हणून मिनेसोटात १९७३ पासून मनोमिनच्या पाण्यासाठी लिटरमागे १० मिलिग्रॅम सल्फेटची मर्यादा आहे. २०१८ मध्ये व्हाइट अर्थ या ओजिब्वे राष्ट्राने मनोमिनला स्वतःचे कायदेशीर हक्क देणारा कायदा केला. एवढे सगळे ज्या रोपाभोवती आहे, त्याला प्रकाशरचनेत गव्हाच्या सोनेरी लोंबीसारखे कोरड्या मातीत उभे केले, तर गौरव नेमका कोणाचा झाला?

कापणीची पद्धत पाहा. डोंगीत दोघे बसतात. एक जण लांब काठीने डोंगी ढकलतो. दुसऱ्याच्या दोन्ही हातांत हलक्या लाकडी काठ्या असतात. मिनेसोटाच्या नियमाप्रमाणे त्या ३० इंचांपेक्षा लांब आणि प्रत्येकी एका पौंडापेक्षा जड नसाव्यात. एका काठीने देठ डोंगीवर वाकवायचे, दुसरीने हळूच पुसल्यासारखे मारायचे. पिकलेला दाणा पडतो, कच्चा देठावरच राहतो. काही दाणे पाण्यात पडतात आणि पुढच्या वर्षीचे बी होतात. चार-पाच दिवसांनी पुन्हा यायचे, तोवर उरलेले पिकते. जोराने मारले तर देठ मोडतो आणि पुढची फेरी गेली.

प्रतिसाद कसा असावा याचा नकाशा इथे तयार आहे. लवचीक फायबर दांड्यांवर दाण्यांसारखे दिवे लावा. प्रत्येक दांड्याच्या बुडाशी हालचालीचा वेग मोजणारा एक छोटा संवेदक बसवा. हलका स्पर्श झाला तर दांड्यावरच्या दिव्यांपैकी काहीच, सध्या ‘पिकलेले’ मानलेलेच, खाली उतरत जावेत. बाकीचे तसेच राहावेत. धक्का ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला तर तो दांडा दहा मिनिटे अंधारात जावा. लहान मुले हे दोन प्रयत्नांत ओळखतात, त्यांना सूचना वाचाव्या लागत नाहीत. फक्त मर्यादा बागेतच ठरवावी लागते, कार्यशाळेत नाही, कारण वारा दांडे हलवतो. तासभर वाऱ्याची नोंद घेऊन त्याच्या कमाल धक्क्याच्या दीडपटीवर खालची रेघ ठेवली की खोटे प्रतिसाद बहुतेक थांबतात.

मेपलचेही तसेच. इनिनातिगचा, म्हणजे साखरी मेपलचा, रस रात्री गोठण आणि दिवसा वितळण असली तरच वाहतो. साधारण ४० लिटर रसातून एक लिटर पाक होतो. इथे पाहणाऱ्याला काही करू न देणेच योग्य. झाडाशेजारी एक तापमापक ठेवा. रात्र शून्याखाली गेली आणि दिवस शून्यावर आला तरच थेंबासारखा दिवा खाली यावा. काही आठवडे एकही थेंब दिसणार नाही. आयोजक घाबरतात ते याला, पण ज्या दिवशी तो दिसेल त्या दिवशी त्या गावातल्या साखरबनांत बादल्या लागलेल्या असतील.

गवताच्या वेणीपाशी मात्र दिव्यांची मर्यादा मान्य करावी लागते. विंगाश्क हे सुगंधी गवत. आपल्या वाळ्यासारखी त्याची खरी ओळख वासात आहे, आणि तो वाळल्यावर वाढतो. हिरवा प्लास्टिकचा पीळ कितीही उजळला तरी त्यात विंगाश्क नसते. म्हणून या गवताची चमकती वेणी कोणी सुचवली तर मी नाही म्हणेन. त्या जागी गवतच लावावे. ते मुख्यतः जमिनीखालच्या खोडांतून पसरते, बियांचा भरवसा नाही. पोटावाटोमी वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉल किमरर यांच्या मार्गदर्शनाखाली झालेल्या अभ्यासात असे दिसले की रीतीप्रमाणे कापलेले ताटवे जोमाने वाढले आणि मुळीच न कापलेले मागे पडले. म्हणजे या गवताला माणसाचा हात हवा असतो, मर्यादेतला.

सेमा ठेवण्याचा विधी यंत्रात घालू नये, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. ‘इथे तंबाखू अर्पण करा’ असे लिहिलेले बटण, धुराचा देखावा, ढोलाच्या ठोक्यावर लागणारे दिवे, हे सगळे विधीची नक्कल आहे. थांबणे ही नक्कल नाही. थांबणे कोणालाही करता येते आणि यंत्राला ते मोजता येते.

तंत्राच्या बाजूनेही थांबणेच सोयीचे पडते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. उष्णता ओळखणारे स्वस्त संवेदक थंडीत फसतात. जाड कोटाचा बाहेरचा थर हवेइतकाच गार असतो, उघडा असतो तो फक्त चेहरा. संवेदक प्रौढांच्या चेहऱ्याच्या उंचीवर लावला की मूल आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस त्याला दिसत नाही. हातमोज्यांमुळे स्पर्शाचे पडदे चालत नाहीत, ओला बर्फ साचला तर आपोआप चालू होतात. रडारचे छोटे संच कोटातूनही माणूस ओळखतात, पण हलणारी फांदीही त्यांना माणूस वाटते. यावर साधा उपाय म्हणजे पल्ला दोन-अडीच मीटरवर आणायचा आणि हालचालीऐवजी स्थिर उपस्थिती मागायची. कोणी ८ ते १० सेकंद शांत उभे राहिले तरच प्रकाश हळूहळू वर यावा, पाच-सहा सेकंद घेत. फांदी इतका वेळ स्थिर राहत नाही, धावत जाणारा कुत्राही नाही. टाळीला उसळणाऱ्या दिव्यापेक्षा ही रचना कमी चुकते आणि ती रीतीलाही धरून आहे.

बाकीचे सामान नेहमीचेच, पण गाफील राहिल्यास तिथेच काम बसते. पाच व्होल्टच्या पट्टीत मीटरला ६० दिवे असतील तर पूर्ण पांढऱ्या प्रकाशाला मीटरमागे ३.६ अँपिअर लागतात, दहा मीटरला ३६. तार लांबली की विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, कमी होतो. निळ्या-हिरव्या दिव्यांना लाल दिव्यापेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून टोकाचा पांढरा रंग तांबूस होतो. २४ व्होल्टची पट्टी घ्यावी, दर पाच मीटरला पुन्हा वीज जोडावी आणि उजेड एक पंचमांशाच्या वर नेऊच नये. साध्या पीव्हीसीचे वेष्टन उणे २० अंशांत ताठ होऊन चिरते, म्हणून उणे ४० चे सिलिकोन किंवा रबर लागते. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज केली की कायमची बिघडते. पेटीत दिवसा ऊब आणि रात्री गारठा झाल्याने आत दव धरते, म्हणून श्वास घेणारी झडप हवी आणि जोडण्यांची तोंडे खाली हवीत. गळती ५ मिलिअँपिअरवर तोडणारा स्विच प्रत्येक फाट्याला वेगळा असावा. एकच सामायिक असेल तर एका ओल्या जोडणीपायी सारी बाग अंधारात जाते. पट्टी झाडाला खिळ्याने किंवा तारेने कधीही बांधू नये. रुंद कापडी पट्टा वापरून तोही हंगाम संपताच काढावा.

एक गोष्ट मला खरोखर खटकते, ती म्हणजे ‘बोलणारी झाडे’. पानाला दोन चिकट पट्ट्या लावायच्या, त्यांच्यामधला विद्युतप्रवाह मोजायचा, त्याचे सूर आणि रंग करायचे आणि झाड गात आहे म्हणून सांगायचे. त्या आकड्यांत ओलावा असतो, जवळ आलेल्या हाताचा परिणाम असतो, घरगुती विजेची ६० हर्ट्झची गुणगुण असते. सूर कोणते, सप्तक कोणते, ते संगणकावर बसलेल्या माणसाने ठरवलेले असते. हिवाळ्यात निद्रिस्त झाडाकडून तर जवळपास काहीच मिळत नाही. इतर ठिकाणी याला खेळ म्हणून सोडून देता येईल. पण ज्या लोकांसाठी झाड हे नातेवाईक आहे, त्यांच्या नावाने उभारलेल्या कामात त्या नातेवाईकाच्या तोंडी खोटे शब्द घालणे क्षम्य नाही.

आणि झाडाला दिव्याने होणारा त्रास? उजेड लक्स या एककात मोजतात. पौर्णिमेचा प्रकाश ०.३ लक्सच्या आतबाहेर असतो, रस्त्यावरचा दिवा त्याच्या कित्येक पट. पाने आणि कळ्या दिवस किती मोठा आहे हे लाल आणि अतिलाल प्रकाशाच्या प्रमाणावरून ओळखतात. रात्रभर उजेड असला की हिशेब चुकतो. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात कृत्रिम उजेडातल्या झाडांच्या कळ्या आठवडाभर आधी फुटल्याचे दिसले. रस्त्यावरच्या दिव्याजवळची पाने शरद ऋतूत उशिरा गळतात, हेही सर्वत्र दिसते. निळसर पांढरा प्रकाश कीटकांना सर्वांत जास्त ओढतो. टोरांटोत १९९३ पासून एक संस्था दिव्यांमुळे आणि काचांमुळे इमारतींवर आपटून मरणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांसाठी काम करते आहे. वनस्पतींच्या गौरवासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या रात्री बाग उजळणे मला मान्य नाही, उत्सव एका रात्रीचा असला तरीही.

योग्य काळ अनिशिनाबे रीतीनेच सांगून ठेवला आहे. आदिझूकानाग, म्हणजे पवित्र कथा, जमिनीवर बर्फ असतानाच सांगतात. तोच काळ झाडे निद्रिस्त, कीटक नाहीसे आणि पक्षी दक्षिणेला गेलेले असण्याचा. टिकाऊ बर्फ पडल्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत, संध्याकाळी ५ ते १०, पिवळट नारिंगी (अंबर) रंग, प्रकाश खालच्या दिशेने, आणि जिवंत सालीवर किंवा कळीवर एक लक्सच्या आत, एवढे नियम निविदेतच लिहावेत. स्वस्त प्रकाशमापक एक लक्सखाली काहीही दाखवतात, ०.०१ पर्यंत वाचणारे घ्यावे. कोणी समोर उभे नसेल तेव्हा दिवे बंद. हा नियम आला की थांबण्याचा प्रतिसाद पुन्हा उपयोगी पडतो.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की परंपरेला विजेच्या तारेपासून दूर ठेवणे म्हणजे तिला संग्रहालयात बंद करणे. तसे मी म्हणत नाही. उत्तर ध्रुवीय प्रकाशाला ओजिब्वे लोक ‘जीबयाग नीमि’इदिवाग’ म्हणतात, पूर्वज नाचत आहेत. आकाशातला हलता प्रकाश या संस्कृतीला परका नाही आणि संगणकही नाही, अनिशिनाबे कलावंत तो स्वतः वापरतात. प्रश्न निर्णयाचा आहे. नॉर्व्हल मॉरिसो या अनिशिनाबे चित्रकाराची ठळक काळी रेघ आणि आतले अवयव दाखवणारी शैली दिव्यांच्या नळीत वळवायला इतकी सोपी आहे की ती कुठेही उचलली जाते. त्याच्या नावावरच्या बनावट चित्रांच्या तपासात पोलिसांनी १,००० हून अधिक चित्रे जप्त केल्याचे २०२३ मध्ये समोर आले. शैली मोकळी पडलेली आहे असे समजणाऱ्यांनी तो आकडा लक्षात ठेवावा.

दुसरा आक्षेप आयोजकांचा: दहा सेकंद कोण थांबणार? गर्दी कमी होईल, पुढच्या वर्षी निधी मिळणार नाही. काही लोक थांबणार नाहीत, हे खरे आहे. पण मग मोजमाप बदला. फाटकातून किती गेले याऐवजी एका दांड्यापाशी सरासरी किती वेळ थांबले, ते मोजा. संवेदक ते नोंदवतोच. चेहरे टिपणारा कॅमेरा मात्र बसवू नका.

ध्वनीचेही ठरवून घ्यावे लागते. वनस्पतींची नावे भाषा बोलणाऱ्या ज्येष्ठांच्या आवाजात असतील तर मूळ ध्वनिफिती त्यांच्या समुदायाच्या ताब्यात राहाव्यात, बागेला एका हंगामाची परवानगी मिळावी, आणि आवाज देणारी व्यक्ती गेली तर तो लगेच थांबवता यावा. कॅनडातल्या आदिवासी राष्ट्रांनी मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा ही चार तत्त्वे १९९८ मध्येच मांडली आहेत. करारात ती शब्दशः घालावीत. मानधनाचा आकडा कलावंताच्या आकड्याशेजारीच छापावा.

मार्चअखेर दिवे उतरतात तेव्हा खांबांचे खड्डे उरतात. ठेकेदार ते खडीने भरून निघून जातो. निविदेत त्या जागेसाठी विंगाश्कची रोपे लिहून ठेवावीत, साधारण ३० सेंटिमीटरच्या अंतराने, ओलसर आणि उन्हाच्या जागी. पहिल्या उन्हाळ्यात तण काढायचे, पाणी द्यायचे, कापायचे काहीच नाही. दुसऱ्या वर्षी ते केव्हा आणि किती कापायचे, हे त्या जमिनीचे अनिशिनाबे लोक येऊन सांगतील.